काळ्या अक्रोडाचा काढा

१

गंगुबाईनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि सखुबाईला याचाच भयंकर राग आला होता.

"पोर तिकडे मरणाच्या दारात, नि ही बया इकडे उपास मिरवते!" सखुबाई दबक्या आवाजात, पण ओटीपाशी आलेल्या शेजारणीला ऐकू जाईल अशी बोलली. "देवाला दाखवायचा तर देव्हाऱ्याम्होरं बसावं. ओटीवर कशाला बसायला लागतं?"

गंगुबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून खांबाला टेकून बसली होती, तशीच बसून राहिली. सखुबाईची ही धाकटी नणंद. विधवा होऊन माहेरी आली, त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून घरची चूल तिच्या हाती. बाहेरचं सगळं सखुबाईच्या हाती. कळव्याच्या खाडीवरचं मिठाचं आगर नवऱ्यामागं तिनं एकटीनं राखलं होतं, आणि तिच्या जिभेला भिणारी माणसं खाडीच्या दोन्ही काठांवर होती.

पण आज ती जीभ चालत होती ती भीतीनं. गप्प बसली की आतल्या खोलीचा आवाज ऐकू यायचा.

आत जया पडली होती. सखुबाईची सात वर्षांची नात, तिच्या लेकाच्या, काळुरामच्या, पहिल्या बायकोची. बुधवारी सांजेला खेळता खेळता तिचे पाय थरथरायला लागले. आधी वाटलं थंडी वाजते. मग सगळं अंग लटलटायला लागलं, मान मागे गेली, दात घट्ट बसले. ताप म्हणावा तर अंग गार. जमिनीवर तांब्या ठेवल्याचा आवाज झाला तरी पोर काठीसारखी ताठ व्हायची. म्हणून घरात कोणी भांडं वाजवत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं. उंबऱ्यातली कोंबडीसुद्धा पोपटनं, घरच्या गड्यानं, लांब हाकलली होती.

जयाच्या पोटात जंत झाले होते. त्यावर ठाण्याच्या त्र्यंबक कंपौंडरचं औषध घरात होतं, अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाचं. जेठात, पावसाच्या तोंडावर, तेच दिलं होतं, तेव्हा तीन दिवसांत पोर हसायला लागली होती. या वेळी बुधवारी सकाळी पहिला काढा दिला. सांजेला झटका आला. जंत खवळले असतील, म्हणून गुरुवारी दुसरा दिला. त्यानंतर जे झालं ते बघून सखुबाईनं, उभ्या जन्मात पहिल्यांदा, भिंतीला हात टेकला.

आणि आज शुक्रवारी सकाळी पोपटनं आगरावरून बातमी आणली. वाघ्या कुत्रा बांधावर मरून पडलाय, चारी पाय ताठ.

"कुचला!" काळुराम ओरडला, आणि आतून पोरीचा घशात अडकलेला आवाज आला.

कुचल्यानं कुत्री मरतात, ती अशीच ताठ होऊन, हे आळीत सगळ्यांना ठाऊक. आणि कुचला कुठं मिळतो, तेही. काळुरामची दुसरी बायको शालू. कल्याणच्या बाजारात तिच्या बापाचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान. मंगळवारी दिवेलागणीनंतरच्या गाडीनं ती माहेराहून आली. बुधवारी काढा तिनं केला, वाटी तिनं तोंडाला लावली. सवतीची पोर. आणखी काय पाहिजे?

काळुरामनं बायकोला मिठाच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि ठाण्याला फौजदाराकडे निघाला.

"भरतीच्या होडीनं हवालदार घेऊन येतो," तो म्हणाला. "तोवर तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी प्यायचं नाय."

तो गेला. सखुबाईनं समोरच्या मडक्याकडे पाहिलं. तिला तहान लागली होती. तिनं तांब्या उचलला, आणि तसाच खाली ठेवला. हळूच. आवाज न करता.

आपल्याच घरातलं पाणी प्यायला ती भीत होती.

२

मिठाच्या खोलीला एक लाकडी गजांची खिडकी होती. सखुबाई तिच्याबाहेर उभी राहिली.

"शालू. रडणं नंतर कर. मी इचारीन तेवढंच सांग. खोटं बोललीस तर हवालदाराच्या आधी मी तुला बघीन."

"सासूबाय, माझ्या गळ्याची शपथ—"

"गळा तुझा जायलाच आलाय, त्याची शपथ नको घालूस. काढा कसा केलास?"

शालूनं गजांमधून दोन्ही हात बाहेर काढले, जणू हातातच उत्तर होतं. गोरे, बारीक हात. नखांत तांदळाचं पीठ, बाकी स्वच्छ. "बरणीत भुकटी होती. चिमूटभर घेतली, दोन वाट्या पाण्यात उकळली, अर्धी राहिली तवा गाळली. गंगूआत्या बोलल्या तसंच केलं."

"भुकटी? सुकीच होती?"

"सुकी. चांगली वस्त्रगाळ."

"पोरीनं प्यायला तरास दिला?"

"नाय. घटाघटा प्याली. खारट लागतं, एवढंच बोलली."

सखुबाई थांबली. जया कारल्याची भाजी पाहिली तरी घराबाहेर पळायची. आणि कुचला? वातावर एकदा वैद्यानं कुचल्याची गोळी दिली होती. सखुबाईच्या जिभेवरचा कडूपणा दुसऱ्या दिवसापर्यंत गेला नव्हता. मध घालून द्या, गूळ घालून द्या, तो कडूपणा झाकत नाही. वाटीत कुचला असता तर जयानं पहिल्याच घोटाला घर डोक्यावर घेतलं असतं.

"आणि आज सकाळी? तिसरी वाटी तू द्यायला तयार नव्हतीस म्हणे. लोक बोलतात, भ्याली म्हणून."

"भ्यालेच मी! औषधातच काय तरी वाईट हाय, असं मीच बोलले. बापाच्या दुकानात वाढले मी, सासूबाय, औषध लागतं नि औषध बाधतं यातला फरक मना कळतो. तर हे बोलले, मुकाट्यानं दे. मी वाटी उचलली, तवर गंगूआत्यांच्या कोपराचा धक्का लागला. सगळा काढा सांडला." शालूनं गज घट्ट धरले. "देवच पावला."

सखुबाई जायला वळली.

"सासूबाय, जया कशी हाय?"

कोंडल्यापासून ही स्वतःसाठी रडत असेल, असं सखुबाईला वाटलं होतं. "हाय अजून," ती मागे न वळता बोलली; सुनेपुढं मऊ पडायची तिची रीत नव्हती.

कुचला नाही. मग पोरीच्या अंगात शिरलंय ते काय? ज्याला नावच नाही, त्याच्यावर उतारा कुठला मागायचा?

तिनं चुलीमागची औषधाची बरणी कंबरेला बांधली आणि होडीकडे धावली.

३

त्र्यंबक कंपौंडर ठाण्यात टेंभीवर दोन खोल्यांत राहायचा. पूर्वी तो एका अमेरिकन पाद्री डॉक्टरच्या हाताखाली होता. डॉक्टर मायदेशी गेला. मागे याच्याकडे त्याचा एक काळा कोट राहिला आणि काळ्या अक्रोडाच्या टरफलांची मोठी पेटी. कोट भर उन्हात अंगात असायचा.

सखुबाईला दारात पाहून तो मागे सरला. काळुराम येऊन शिव्या देऊन गेला होता, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"बाई, माझं औषध शुद्ध आहे! राणीच्या ज्युबिलीच्या साली दिलं, मागल्या साली दिलं, एक माणूस दगावलेलं नाही!"

"मग थरथरतोस कशाला? माझ्या पोरीला थरथर आलीय ती पुरे. ही बरणी बघ."

त्र्यंबकनं भुकटी तळहातावर घेतली, उजेडात धरली, हुंगली. "रंग बरोबर. वासही तोच. बुरशी नाही, किडा नाही." मग कपाळाला आठी पडली. "पण हे मी दिलेलं नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे औषध तेच, पण मी भुकटी कधीच देत नाही. मी टरफलाचे तुकडे देतो. अक्रोडाच्या कवचावर जाड हिरवी साल असते ना, ती वाळवलेली. लागेल तेव्हा तेवढीच कुटायची. हे पाहा." त्यानं पेटीतून काळे वाकडे तुकडे काढले. त्याची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत तपकिरी होती, जशी कुणी कातात बुडवावी. "हात बघू नका, बाई. ओल्या टरफलाला हात लागला की हा रंग चढतो. साबण लावा, राख लावा, पंधरा दिवस जात नाही. सुक्याला काही होत नाही. आज गजकर्णावर लावायला भिजवलं होतं."

"गजकर्णाला पण हेच?"

"वरून लावायला उत्तम. जंतावर पोटात. पण डॉक्टरसाहेबांचे नियम होते. तीन दिवसांच्या वर द्यायचं नाही, गरोदर बाईला मुळीच नाही. आणि..." त्र्यंबकचा आवाज खाली आला. "बुरशी धरली तर सरळ चुलीत. त्यांच्या मुलखात ही झाडं दारोदार. फळं खाली पडून कुजतात, त्यांवर बुरशी येते. गावची कुत्री ती खातात. मग लटलट कापतात, ताठ होतात, आवाज झाला की उडतात. काही मरतात. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं."

सखुबाई त्याच्या उंबऱ्यावरच बसली. जया तिला डोळ्यांपुढे दिसत होती, आणि शेजारी वाघ्या.

"हे कुणाला सांगितलेलंस?"

"जेठात काळुराम औषध न्यायला आले, त्यांना."

"माझ्या लेकाला सांगितलंस म्हंजे भिंतीला सांगितलंस! पोरगी वाचेल का?"

"तिसरी वाटी पोटात गेली नसेल तर आशा आहे. अंधारात निजवा, आवाज नको, शुद्धीवर असेल तेव्हा दुधाचे घोट द्या. विष हळूहळू उतरतं. पण बाई, या भुकटीला बुरशी नाही! मी शपथेवर सांगतो, ही स्वच्छ आहे!"

स्वच्छ. सखुबाईनं बोट ओलं केलं, भुकटीला लावलं, आणि त्र्यंबक "नको, नको" म्हणेपर्यंत जिभेला टेकवलं.

तुरट. आणि तुरटपणाच्या मागून, ओळखीची, जन्मभराची चव.

ती ताडकन थुंकली. "तुझ्या पेटीतला तुकडा दे." तो चाटून पाहिला. नुसता तुरट.

पोर बरोबर बोलली होती. खारट. आणि हे मीठ वाण्याकडचं नव्हतं. वाण्याचं मीठ भुकटीत चमकलं असतं. हे आतपर्यंत मुरलेलं होतं.

सखुबाई होडीत बसली तेव्हा खाडीचं पाणी संथ होतं, तरी तिनं दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. विष कल्याणहून आलं नव्हतं. टेंभीवरून आलं नव्हतं. ते तिच्याच आगरातून निघालं होतं.

४

आगरावर भिवा एकटाच होता. म्हातारा, तीस वर्षं आगरावर राबलेला माणूस. वाघ्याला पुरायला खड्डा खणत होता.

"भिवा, ह्यो मेला कधी?"

"पोपटला आज दिसला, बाय. पन मेला तो मंगळवारीच."

"नीट आठव. मंगळवारी? का बुधवारी?"

"मंगळवारी, बाय! मंगळवारी तुज्या सूनंला आनाया काळूदादा ठेसनावर गेला ना? त्याच्या आंगोदर. सूर्य बुडायचा व्हता. वाघ्या थरथराया लागला. मी बोल्लो, याला काय भूत लागलाय का काय. हात लावाया गेलो त टनकन उरलाच वर, नि ताट व्हऊन परला तो परलाच. मी त भिऊन पलालो, मंग इकरं फिरकलोच नाय. सांगाया लाज वाटली."

मंगळवारी, सूर्य बुडायच्या आधी. शालू तेव्हा कल्याणात होती. बरणीला तिचा हात लागला तो बुधवारी सकाळी.

"त्यानं खाल्लं काय?"

भिवानं फावड्यानं बांधाकडे दाखवलं. "तिथं कुनीतरी काला पानी वोतलेला. त्यात तुकरं व्हतं, चिंचंच्या सालीवानी. त्येच चावीत व्हता. कुनी वोतला त्ये मी नाय पायला. मी पल्याड व्हतो."

सखुबाई बांधावर वाकली. चिखलात अजून डाग होता, काळपट तपकिरी. बाजूला सपाट दगडावर कसली तरी टोपली वाळत ठेवल्याची गोल खूण.

मग तिला सगळं दिसलं, आणि दिसलं त्यापेक्षा जास्त ऐकू आलं, ते स्वतःच्याच आवाजात.

खाडीकाठच्या आगरवाल्यांच्या घरात बुरशी आलेली वस्तू टाकत नाहीत. बोंबील असो, मिरच्या असोत, चिंच असो. पावसाळ्यात बुरशी धरली की आगराच्या जड खाऱ्या पाण्यात बुचकळायची, चोळून धुवायची आणि दिवसभर उन्हात घालायची. बुरशी जाते, वास जातो, वस्तू पुन्हा डब्यात. सखुबाई नवी नवरी असताना तिला हे सासूनं शिकवलं. आणि तिनं ते पुढं शिकवलं, कान धरून. "टाकतेस काय, भवाने? धुऊन घे!"

बोंबलाची बुरशी धुऊन जात असेल. पण टरफलाच्या बुरशीनं सोडलेलं विष टरफलात मुरलेलं होतं. वरचा हिरवा थर निघाला, आतलं तसंच राहिलं. उलट आता ते कुणाला दिसणार नव्हतं.

कल्याणच्या बाजारातल्या पोरीला ही रीत सुचली नसती. त्र्यंबकला सुचली नसती. काळुराम तर स्वतःचं ताटही धूत नसे.

लांबून काळुरामची हाक आली. होडी लागली होती. त्याच्यामागे डोक्यावर पिवळी पगडी आणि हातात काठी घेतलेला हवालदार उतरत होता.

सखुबाई पळायला लागली. साठीच्या बाईनं पळू नये, लुगडं सावरता येत नाही. पण हवालदारानं कडीला हात घालायच्या आत तिला घर गाठायचं होतं.

५

"कडीला हात लावू नका!"

हवालदार थबकला. त्याची काठी हातातून सुटली आणि शहाबादी फरशीवर खाडकन पडली.

सगळे गोठले. काळुरामनं डोळे मिटून घेतले. सखुबाईनं श्वास धरला आणि आतल्या खोलीकडे कान दिला.

काही नाही. मग जयाचा बारीक, झोपाळू आवाज. "आजे, काय पडला?"

पोर उडाली नव्हती. पोर ताठ झाली नव्हती. सखुबाई आतल्या दाराकडे वळून म्हणाली, "काय नाय गो. नीज."

मग ती ओटीवर बसली. "हवालदार, बसा. काळू, तू पण. आता कुणी मधे बोलायचं नाय."

"आये, ही बाई—"

"तू तर बिलकूल नाय! त्र्यंबक तुला बोललेला, बुरशी आली तर चुलीत टाका. घरी येऊन बोललास कुणाला?"

काळुराम खाली बसला.

"वाटीत कुचला नव्हता. पोर तो घटाघटा प्याली नसती. जे होतं ते मंगळवारी सूर्य बुडायच्या आधीच तयार होतं, कारण वाघ्या तेच खाऊन तेव्हाच मेला. तुझी बायको तेव्हा कल्याणात होती, नि तू तिला आणायला टेसनात. बरणीतलं औषध खारट हाय. त्र्यंबककडचं नाय. म्हंजे कुणीतरी ते आगराच्या पाण्यात धुतलं, सुकवलं, कुटलं नि परत भरलं. जो ओल्याला हात लावेल त्याची बोटं पंधरा दिवस रंगतात. शालूचे हात मी सकाळी बघितलेत, पांढरे फेक. माझे हे बघा. काळूचे बघा." ती वळली. "गंगे. पदर सोड."

गंगुबाईनं पदर हातांभोवती आणखी घट्ट गुंडाळला.

"उपास!" सखुबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. "मना वाटलं, मिरवतेस. पानावर बसलं की हात बाहेर काढायला लागतो, म्हणून तू बसत नव्हतीस. पदर सोड, गंगे."

पदर सुटला. दोन्ही हातांची बोटं मुळापर्यंत गर्द तपकिरी होती.

मग गंगुबाईच बोलली, पार कोरड्या आवाजात. "बुरशी होती वयनी. पांढरी, हिरवी. तूच बोललेलीस, उद्या पोरीला औषध चालू करा. मी धुतलं. वास पण गेला. चांगलं दिसलं. मी पोरीच्या वाईटावर असेन का? माझ्या मांडीवर वाढली ती."

"नाय. ते मी बोलतच नाय. कळलं कधी तुला?"

"बुधवारी. ती थरथरली तवा. वाघ्याला मी तसंच बघितलेलं, मंगळवारी, टोपली उचलताना."

"नि आज सकाळी वाटी सांडलीस. मुद्दाम."

"हो."

"मग गुरुवारची का नाय सांडलीस?"

गंगुबाईनं रंगलेल्या हातांनी तोंड झाकलं. "धीर नाय झाला. तू मना घरातून काढलं असतंस. भाऊ नाय, नवरा नाय, पोर नाय, मी कुठं जाऊ? मग शालूवर आलं. मी म्हटलं, दोन दिवसांनी पोर उठेल, आपोआप सगळं शांत होईल..."

"आणि शालू फौजदाराच्या कोठडीत बसेल."

हवालदारानं काठी उचलली, काळुरामकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं पायऱ्या उतरला. सखुबाई उठली, मिठाच्या खोलीची कडी स्वतःच्या हातानं काढली. शालू बाहेर आली ती कुणाकडे न बघता सरळ जयाच्या खोलीत गेली.

सखुबाई नणंदेसमोर येऊन उभी राहिली.

"गंगे, ऐक. बुरशी धुवायला मीच शिकवलं. तो अडाणीपणा माझा, त्याचं पाप माझ्या माथी, ते मी तुझ्यावर टाकत नाय. पण पोर थरथरताना बघून दुसरी वाटी तिच्या पोटात जाऊ दिलीस. आणि दुसऱ्याच्या लेकीला कोंडलेली बघून खांबाला टेकून बसलीस. ते मी शिकवलं नव्हतं. त्याची माफी द्यायचा हक्क मना नाय. ऊठ. आत जा. शालूच्या म्होरं बस नि सगळं तुझ्या तोंडानं सांग, एक शब्द गाळू नको. ती राहा बोलली तर राहशील. ती जा बोलली, तर तुला होडीवर सोडायला मी स्वतः येईन, आणि मी तिला एका शब्दानं अडवणार नाय."